खलनायकाचा हिशोब पहाटेपर्यंत झाला पाहिजे

झी मराठीवरच्या ‘देवमाणूस’मधला डॉक्टर अजितकुमार देव हा चांगला लिहिलेला खलनायक होता का, हा प्रश्न मालिका थांबून वर्षं झाली तरी संपत नाही. संपणार कसा? ३१ ऑगस्ट २०२० ला सुरू झालेली मालिका १५ ऑगस्ट २०२१ ला थांबली, पण तो माणूस थांबला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये दुसरा भाग आला, २०२५ मध्ये ‘मधला अध्याय’ या नावानं आणखी एक. एकच खलनायक तीनदा उभा केला जातो म्हणजे तो लोकांना आवडला, एवढं नक्की. चांगला लिहिला होता का, ते त्यावरून ठरत नाही.

माझं म्हणणं असं की अजितकुमारचा अर्धा आलेख मराठी टीव्हीवर क्वचित दिसतो इतका चांगला लिहिला होता. उरलेला अर्धा लिहिलाच गेला नाही, नुसता लांबवला गेला. हे जोखायला कुठून दुसरीकडून माप आणायची गरज नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांतल्या आपल्या झाडीपट्टी रंगभूमीवर दिवाळीनंतर रात्री दहाला पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत माणसं कडाक्याच्या थंडीत बसून खलनायक बघतात. त्याला तिथं कसा उभा करतात आणि कसा आडवा करतात, ते माप पुरेसं आहे.

आधी जे जमलं ते.

अजितकुमार मुळात देवीसिंग. डॉक्टर नव्हेच, कंपाउंडरी करता करता चार गोष्टी उचललेला माणूस. खोट्या नावाची पाटी लावून तो खेड्यात दवाखाना थाटतो, एका वाड्यात भाड्यानं राहतो, गरिबाकडून पैसे घेत नाही, रात्री-अपरात्री धावून जातो. गाव त्याला देवमाणूस म्हणायला लागतं. त्या नावाआड तो बायकांना नादी लावतो, त्यांचा पैसा-दागिना काढून घेतो आणि त्यांना मारतो. २०१६ साली सातारा जिल्ह्यात वाईजवळ उघडकीला आलेल्या हत्यांवरून मालिकेला हे बीज मिळालं. पण वर्तमानपत्रातून बीज कोणालाही मिळतं. लेखकांचं कसब दिसतं ते त्यांनी या माणसाला ताकद कुठून दिली त्यात. त्याच्याकडे पिस्तूल नाही, पोसलेले गुंड नाहीत, पाठीशी पुढारी नाही. गावाला डॉक्टर पाहिजे आणि हा गावात आहे, एवढीच त्याची ताकद.

विदर्भातल्या खेड्यात बसून बघणाऱ्याला हे समजावून सांगावं लागलं नाही. सरकारी निकष असा की सपाट भागात तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि डोंगरी-आदिवासी भागात वीस हजारांमागे एक. उपकेंद्र पाच हजारांमागे किंवा तीन हजारांमागे. कागदावर हे बरोबर बसतं. एटापल्ली, भामरागड, धारणी, चिखलदरा या तालुक्यांत वीस हजार माणसं किती रानावर पसरलेली असतात आणि पावसाळ्यात मधे किती नाले आडवे येतात, ते निकषात लिहिलेलं नसतं. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. अशा मुलखात मोटारसायकलच्या डिकीत सुया घालून दारात येणाऱ्या माणसाला ‘तुमची पदवी दाखवा’ असं कोणी म्हणत नाही. तो आला, हेच उपकार वाटतात.

शिवाय त्याच्या हाताला गुण येतो. सगळ्यात घातक गोष्ट हीच आहे, म्हणून जरा जवळून बघू. धानाच्या रोवणीचे पंधरा दिवस चिखलात वाकून अंग मोडलेली बाई त्याच्याकडे येते. तो भिंतीतल्या खिळ्याला बाटली टांगतो. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. साध्या सलाइनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. ज्याला तोंडानं पिता येतं त्याला मीठ-साखरेचं पाणी घरी पाजलं तरी भागतं. पण बाटलीत बी-कॉम्प्लेक्स सोडलं की पाणी पिवळं होतं आणि थेंब थेंब उतरताना मोठ्या औषधासारखं दिसतं. त्यावर एक सुई दुखण्याची, डायक्लोफिनॅकची. आणि दुसरी, जी खरी करामत करते ती, डेक्सामेथासोनची. हे स्टेरॉइड. काही तासांत ताप उतरतो, सांधे मोकळे होतात, भूक लागते. आजार होता तिथंच असतो, अंगानं ओरडणं तेवढं बंद केलेलं असतं. मलेरिया असला तर तो आत वाढत राहतो, क्षयरोग असला तर पसरतो, साखरेचा रुग्ण असला तर साखर भडकते. महिनोन् महिने अशा सुया घेणाऱ्याचं तोंड सुजून गोल होतं आणि लोक म्हणतात, तब्येत भरली. लहान पोराच्या कुल्ल्यात सुई भलत्या जागी लागली तर पायाची नस दुखावते आणि पोरगं पाय ओढत चालतं. एकच सुई चौघांना टोचली तर काविळीचा धोका, तोही साधासुधा नाही.

आता या माणसाकडे नाटक लिहिणाऱ्याच्या नजरेनं बघा. त्याचं भलं करणं आणि वाईट करणं एकाच हातानं, एकाच सुईनं होतं. खलनायक लिहिणाऱ्याला यापेक्षा मोठी देणगी मिळत नाही. ‘देवमाणूस’च्या सुरुवातीच्या महिन्यांत लेखकांनी ती ओळखली होती. अजितकुमार कोणाच्या दंडाला कापूस लावतो तेव्हा प्रेक्षकाचा श्वास अडकायचा, कारण हा बरं करणार आहे की मारणार आहे ते त्या हालचालीवरून कळायचं नाही. किरण गायकवाड या नटानं ‘लागिरं झालं जी’मध्ये भैय्यासाहेब हा उघडावाघडा खलनायक केला होता. इथं त्यानं आवाज खाली आणला, हालचाली कमी केल्या, डोळ्यांवर भर दिला. तो भाड्यानं राहतो त्या घरातली डिंपल त्याच्या प्रेमात पडून त्याची साथीदार होते, तेही त्याच ताकदीचं पुढचं पाऊल होतं: जिला तो कोण आहे ते कळलं, तिलाही तो सुटत नाही. त्याच घरातल्या सरू आजीच्या तोंडातल्या शिव्या आणि म्हणी या सगळ्या काळोखात श्वास घ्यायला जागा देत होत्या. आपल्याकडे रात्री दोन-अडीचच्या सुमाराला विनोदी नट जे काम करतो तेच आजी करत होती, आणि चोख करत होती.

बिघडायला लागलं ते पुढे. एसीपी दिव्या सिंग तपासाला आली आणि त्याच्याच प्रेमात पडली, साखरपुड्यापर्यंत गोष्ट गेली. तेही एकवेळ चाललं असतं. पण मग अटक झाली, कोर्ट आलं, आणि तिथं हा माणूस स्वतःचा खटला स्वतः लढवून मोकळा झाला. ज्या क्षणी तो कोर्टात उभा राहून वकिलीण बाईंना भारी पडायला लागला, त्या क्षणी त्याचा आलेख तुटला. आतापर्यंत त्याची ताकद गावाच्या गरजेत होती, आता ती त्याच्या डोक्यात आली. कंपाउंडरी करून चार औषधं शिकलेला माणूस एकाएकी कायद्याचा पंडित कसा झाला, हे मालिकेनं पेरलंच नव्हतं. आणि एकदा खलनायक सगळ्यांहून हुशार ठरवला की बाकीच्यांना बावळट करावं लागतं. पोलीस बावळट, वकील बावळट, शेवटी गावही बावळट. पहिल्या अर्ध्या भागात गाव गरजू होतं. गरजू माणूस फसतो तेव्हा बघणाऱ्याच्या पोटात कालवतं. बावळट माणूस फसला की कोणाला काही वाटत नाही.

खऱ्या आयुष्यात बोगस डॉक्टर सुटत नाही का? सुटतो. कसा सुटतो ते बघण्यासारखं आहे. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ चं कलम ३३ नोंदणी नसताना डॉक्टरकी करणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात दोन ते पाच वर्षं सक्तमजुरी सांगतं. कायदा कडक आहे. तालुका आरोग्य अधिकाऱ्याची तक्रार लागते. छाप्यात औषधं, सुया, पाटी, रुग्णांची वही हे सगळं पंचनाम्यात यावं लागतं. हा माणूस नोंदणीत नाही, असं वैद्यकीय परिषदेकडून लेखी यावं लागतं. इथपर्यंत गाडी कशीबशी येते. मग रुग्णानं साक्षीला उभं राहायचं असतं, आणि गाडी तिथं रुतते. पंच फिरतात. रुग्ण म्हणतो, मी तर नुसता बसायला गेलो होतो. त्याला कोणी पैसे चारलेले नसतात, धमकावलेलंही नसतं. त्याला एवढंच ठाऊक असतं की उद्या मध्यरात्री पोरगी तापानं फणफणली तर दार याच माणसाचं वाजवायचं आहे.

हा प्रसंग ‘देवमाणूस’च्या लेखकांच्या हाताशी होता. पहिल्या भागापासून त्यांनी जे पेरलं होतं त्याचं पीक हेच. अजितकुमार पिंजऱ्यात गप्प उभा, एक शब्द बोलत नाही, आणि ज्यांच्या लेकी-सुना गेल्या त्याच गावातली माणसं एकेक करून त्याला सोडवून नेतात. त्याला हुशार दाखवायची गरजच पडली नसती. असा सुटलेला खलनायक प्रेक्षकाला घरापर्यंत सोबत आला असता, कारण त्याला सोडवणाऱ्यांत प्रेक्षकाला आपला चेहरा दिसला असता.

मग असं का झालं? लेखक कमी पडले असं मला वाटत नाही. ज्यांनी सुरुवात तशी लिहिली त्यांना शेवट सुचला नसेल हे पटत नाही. आडवं आलं ते गणित. अर्ध्या तासाच्या जागेत जाहिराती वजा करून बावीस मिनिटांच्या आसपास गोष्ट उरते. आठवड्याला सहा भाग धरले तर वर्षाचे तीनशे, म्हणजे शंभर तासांहून जास्त. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. दर गुरुवारी बार्क या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेचे आकडे येतात आणि त्यावर पुढचा ट्रॅक हलतो. प्रत्येक जाहिरातीआधी एक धक्का आणि भागाच्या शेवटी एक मोठा धक्का, ही रोजची मागणी. अशा कारखान्यात खलनायकाला काही गमावू देणं परवडत नाही, कारण त्यानं आज एक गोष्ट गमावली की उद्याच्या भागात ती वापरता येत नाही. म्हणून तो अडकतो आणि सुटतो, अडकतो आणि सुटतो. प्रत्येक वेळी तो होता तसाच बाहेर येतो. आलेख म्हणजे चढ आणि उतार. इथं नुसती दातेरी सरळ रेष झाली. त्यात २०२१ च्या एप्रिलमध्ये राज्यात चित्रीकरण बंद झालं आणि कित्येक मराठी मालिकांना युनिट उचलून बाहेरच्या राज्यांत जावं लागलं. अशा धावपळीत लांबचा विचार कोण करणार, हेही मान्य करायला हवं.

झाडीपट्टीचं गणित याच्या उलट आहे, आणि ते आपण नीट सांगत नाही म्हणून इथं सविस्तर.

वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, हे नाटक कंपन्यांचं ठाणं. गावचं मंडळ तिथं जाऊन कंपनी ठरवतं, मंडई (गावची जत्रा) किंवा शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) दिवसाची तारीख घेतं, विसार देतं. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत शामियाना लागतो. मंचासमोर ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. वरून टांगलेले माइक, त्यामुळे महत्त्वाचं वाक्य असेल तेव्हा नटाला माइकखाली यावंच लागतं. विंगेत प्रॉम्प्टर, कारण तालमी मोजक्याच झालेल्या असतात. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या लोकांनी या रंगभूमीकडे वळून पाहिलं, पण त्यांनी पाहिलं ते कौतुकानं, लोककला म्हणून. यातली लिहिण्याची शिस्त बाहेर फारशी कोणी बघितली नाही.

ती शिस्त अशी. पडदा उघडल्यावर पहिला अर्धा तास खलनायक मंचावर आणायचा नाही. आधी जे घर त्याच्यामुळे मोडणार आहे ते उभं करायचं: म्हातारा बाप, लग्नाची पोरगी, शिकणारा पोरगा, दीड एकर धान. हे घर आवडलं नाही तर पुढचं सगळं वाया. मग खलनायक येतो, आणि पहिल्या प्रवेशात त्यानं काहीतरी द्यायचं असतं. बियाण्याला पैसे, लग्नाला तांदूळ, दवाखान्यात न्यायला गाडी. घेणं नंतर. नवे लेखक इथं हमखास चुकतात. खलनायकाला पहिल्याच एंट्रीला गडगडाटी हसू आणि चाबूक देतात. टाळी मिळते, पण मग त्या घरातला शहाणा बाप असल्या माणसाकडे पैसे मागायला जाईलच कसा, याचं उत्तर नाटकभर सापडत नाही.

दुसरा अंक घेण्याचा. इथं बारकावा लागतो, कारण समोर बसलेल्यांना सगळं ठाऊक असतं. सावकार गहाणखत म्हणून सांगतो आणि निबंधकाच्या कचेरीत खरेदीखतावर अंगठा घेतो; व्याज वहीत लिहीत नाही; पैसे परत करायला गेलं की घरी नसतो, मुदत टळली की दारात उभा. हे पायरीपायरीनं दाखवलं तर प्रेक्षक पुढे सरकून बसतो. नुसतं ‘जमीन हडपली’ म्हटलं तर तो बिडी प्यायला उठतो.

रात्री दोन-अडीचच्या सुमाराला डोळ्यांवर झोप उतरते. लावणी आणि विनोदी प्रवेश त्या वेळेला असतात ते उगाच नाही. माणसं चहा घेऊन परत बसली की पाठोपाठ खलनायकाचं सगळ्यात काळं कृत्य. ते याआधी ठेवलं तर तिसऱ्या अंकाला चढायला डोंगर उरत नाही. उशिरा ठेवलं तर निम्म्या लोकांनी तोवर घोंगडी गुंडाळलेली असते.

तिसऱ्या अंकात फेड, आणि ती तीन हप्त्यांत. पहिल्यांदा त्याचं जवळचं माणूस त्याला सोडून जातं. मग ज्या गोष्टीच्या जोरावर तो उभा होता, पैसा म्हणा, धाक म्हणा, ती निकामी होते. मग शिक्षा किंवा पश्चात्ताप. यातला एक हप्ता गाळला तरी कळतं. साडेतीनला एका लांबलचक भाषणात खलनायक एकदम रडायला लागतो आणि पाया पडतो, असा शेवट पडलेला बघायचा असेल तर कोणत्याही हंगामात दोन-चार सापडतील. का पडतो? पश्चात्तापाचं बी पहिल्या अंकात पेरलेलं नसतं म्हणून. त्याच्या आयुष्यात एक तरी माणूस असा लागतो ज्याच्यापुढे त्याला खोटं बोलता येत नाही: आई, आंधळी बहीण, लहानपणचा सालगडी. तो माणूस पहिल्या अंकात दोन मिनिटं दिसला असेल तरच चौथ्या प्रहरी खलनायकाचं रडणं खरं वाटतं.

आणि पहाटेपर्यंत संपवावंच लागतं. उजाडायच्या आत सामान ट्रकमध्ये चढलं पाहिजे, रात्री दुसऱ्या गावात प्रयोग असतो. खलनायक अर्धवट सोडून ‘पुढचा भाग पुढच्या वर्षी’ असं सांगायची सोय नाही. लोक मंडळाला बोलतात आणि मंडळ पुढच्या हंगामात दुसरी कंपनी बघतं. या सक्तीनंच झाडीपट्टीच्या लेखकाला हिशोब पुरा करायला शिकवलं. ढोबळपणा आहे इथं, नाकारत नाही. सूक्ष्म काम कमी आहे, आक्रस्ताळेपणा जास्त आहे. पण ज्यानं जे घेतलं त्याची किंमत त्याच रात्री त्याच मंचावर मोजली जाते.

या मापानं अजितकुमारला लावून बघा. घर उभं केलं? केलं, सुरेख. आधी दिलं, मग घेतलं? हो, आणि टीव्हीवर इतक्या संयमानं कोणी केलं नव्हतं. सगळ्यात काळं कृत्य योग्य जागी? नाही, कारण काळी कृत्यं इतकी झाली की कोणतं सगळ्यात काळं ते सांगता येईना. फेड? एकही हप्ता पुरा नाही. जवळचं माणूस सोडून जातं पण नवं येतं, ताकद निकामी होते पण दुसरी उगवते, शिक्षा होते म्हणेपर्यंत पुढचा भाग सुरू होतो.

‘माझ्या नवऱ्याची बायको’मधल्या गुरुनाथशी त्याची तुलना करतात, ती मला मान्य नाही. ती मालिका ऑगस्ट २०१६ ते मार्च २०२१ चालली. गुरुनाथची बायको राधिका नागपूरची, तिच्या बोलण्यातला आपला हेल ऐकून विदर्भानं तिला लेकीसारखं धरलं. गुरुनाथ साडेचार वर्षांत काही शिकला नाही, त्याची प्रेयसी शनाया तर रसिका सुनील, मग ईशा केसकर, मग पुन्हा रसिका सुनील अशी चेहरे बदलत राहिली. पण त्या मालिकेनं खलनायकाच्या आत उतरायचं वचन कधी दिलंच नव्हतं. गुरुनाथ दरवेळी तोंडावर पडायचा आणि लोक त्यासाठीच बघायचे. ‘देवमाणूस’नं वचन दिलं होतं, म्हणून तिथली मोड जास्त लागते.

मालिकेवरचा नेहमीचा आक्षेप मात्र वेगळा आहे: खुन्याला नायक केलं, लोक असलं बघून शिकतील. हा आक्षेप मला कच्चा वाटतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि चोरटी दारू विकणारा खलनायक इथल्या मंचावर पिढ्यानपिढ्या उभा आहे. त्याला बघून कोणी गाळायला शिकलं नाही. लोक खलनायकाकडून धंदा शिकत नसतात.

नुकसान झालं ते दुसरंच, आणि त्याची चर्चा फार कमी झाली. मालिकेनं बोगस डॉक्टरला इतका अचाट खुनी केला की आपल्या गावचा सुईवाला त्याच्यापुढे संत दिसायला लागला. तो बायका पुरत नाही, कोर्ट जिंकत नाही, नाव बदलून पळत नाही. तो फक्त डेक्सामेथासोन टोचतो. पहिल्या अर्ध्या भागात अजितकुमार म्हणजे हाच सुईवाला होता, शेजारचा, ओळखीचा, म्हणून भीती वाटायची. दुसऱ्या अर्ध्या भागात तो राक्षस झाला आणि राक्षस आपल्या गावात नसतात, अशी सगळ्यांची समजूत झाली. खलनायकाचा आलेख बिघडला तर नुसतं नाटक बिघडतं असं नाही, ते असं.

कोणी म्हणेल, वास्तवात दुष्ट सुटतात तर मालिकेत सुटले म्हणून काय झालं. सुटू दे ना. पण त्याच्या सुटण्याची किंमत कोणीतरी मोजताना दिसली पाहिजे. सुटल्यावर तो दवाखाना पुन्हा उघडतो आणि पहिल्या दिवशी ओळीत कोण बसलंय, कोण नजर चुकवतंय, कोणाच्या लेकीचा फोटो भिंतीवर हार घालून आहे आणि तरी तिचा बाप बाटली लावून घ्यायला आलाय, एवढं दाखवलं असतं तरी मी शिक्षेचा आग्रह धरला नसता.

आता टीव्हीवरचे चेहरे झाडीपट्टीत पाहुणे म्हणून येतात, त्यांच्या नावावर तिकिटं खपतात, आणि त्यांच्याबरोबर मालिकेतला न मरणारा खलनायकही आपल्या संहितांत शिरू शकतो. तो येऊ नये. मालिकेकडून घ्यायचं तर पहिली सहा महिन्यांची सावकाशी घ्यावी, देण्याआडचं घेणं घ्यावं, खाली आणलेला आवाज घ्यावा. आणि एक सुधारणा आपली आपण करावी. आपल्याकडे नायक-खलनायक पुस्तकी मराठी बोलतात आणि झाडीबोली विनोदी नटाच्या वाट्याला टाकलेली असते. बोगस डॉक्टर लिहायचा तर त्याच्या तोंडी झाडीबोली द्यावी. ‘डोरे लाल झाले जी पोराचे, एक सुई देऊन टाकतो’ असं तो म्हणाला की बांधीत बसलेल्या प्रत्येकाला तो आपला वाटेल, आणि त्याची भीती तिथूनच सुरू होईल.

शेवटच्या अंकाला काय करावं, तेही सांगतो. तापानं निपचित पडलेलं पोरगं. सुईवाला सुई भरून तयार. तेवढ्यात गावची आशाताई तिची पिशवी घेऊन येते. तिच्याकडे मलेरियाची पट्टी आहे. बोटाला टोचायचं, रक्ताचा एक थेंब, वर औषधाचे मोजके थेंब, आणि मग थांबायचं. निकालाची रेघ उमटायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. सुईवाला म्हणेल, तोवर पोरगं जाईल, मी आत्ता ताप उतरवतो. आई एकदा त्याच्या हाताकडे बघेल, एकदा त्या पट्टीकडे. तीन वर्षं ज्याच्या सुईनं घरात प्रत्येकाचा ताप उतरला त्या माणसाला तिनं ‘थांबा’ म्हणायचं आहे. इथं लेखकानं घड्याळ फसवू नये. पहाटेचे साडेतीन वाजलेले असावेत, ऑर्गनवाल्यानं हात मांडीवर घ्यावेत, ऑक्टोपॅड बंद, आणि मंचावर ती पंधरा मिनिटं खरीखुरी जाऊ द्यावीत. सगळ्यांची नजर त्या बोटभर पट्टीवर, आणि सुई धरलेला हात हवेतल्या हवेत हळूहळू खाली येतोय.